शब्द संपल्यानंतरचे गाणे

लांबच्या प्रवासात गाडीतली गाणी लावण्याचे काम भाचीकडे होते आणि ती ते मनापासून करत होती. तिच्या यादीत माझ्या पिढीचीही काही गाणी होती. त्यांतले ईगल्स या अमेरिकी बँडचे 'हॉटेल कॅलिफोर्निया' लागले तेव्हा मी आवाज थोडा वाढवला. कडवी झाली, डॉन हेन्लीच्या खरखरीत आवाजातली ती शेवटची ओळ आली, ज्यात रात्रपाळीचा माणूस पाहुण्याला सांगतो की हिशेब चुकता करून तू केव्हाही मोकळा होशील, पण इथून बाहेर पडणे तुला कधीच जमणार नाही. ड्रमवरचा छोटा तुकडा वाजला, गिटारचा पहिला सूर हवेत उमटला, आणि तेवढ्यात तिने पुढचे गाणे लावले. "अगं, अर्धवट का तोडलंस?" असे मी विचारले. "संपलं की, मामा. आता नुसती गिटारच आहे," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, घाई नव्हती. जे तिला दिसत होते ते तिने सांगितले. त्या गाण्याची जवळजवळ दोन मिनिटे अजून शिल्लक होती आणि माझ्या दृष्टीने गाणे आत्ता कुठे बोलायला लागणार होते. मी ते परत लावायला सांगितले नाही. पण 'नुसती गिटारच' हे शब्द मनात रुतून बसले. मला वाईट वाटले हे खरे, आणि तिचे ऐकणे प्रामाणिक होते हेही तितकेच खरे. कोणीतरी काहीतरी सांगते आहे म्हणून ती गाणे ऐकत होती. सांगणारा थांबला, तशी तीही थांबली.

शब्द संपले की गाणे संपते का?

निदान या गाण्यापुरते उत्तर सरळ आहे, कारण ते गाणे शब्दांच्या आधी जन्माला आले होते. बँडचा गिटारवादक डॉन फेल्डर याने घरी बारा तारांच्या गिटारवर कॉर्ड्सची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांची, एक मालिका बांधली, तिच्यावर गिटारचे तुकडे वाजवले आणि ते सगळे टेपवर नोंदवून ठेवले. हेन्ली आणि बँडमधला त्याचा सोबती ग्लेन फ्राय यांनी शब्द लिहिले ते त्यानंतर. पुढे मायामीच्या स्टुडिओत शेवटच्या भागाचे ध्वनिमुद्रण करण्याची वेळ आली, तेव्हा फेल्डर आणि बँडचा दुसरा गिटारवादक जो वॉल्श दोघे मिळून उत्स्फूर्तपणे काही वाजवू लागले. हेन्लीने त्यांना थांबवले आणि मूळ टेपमध्ये आहे तसेच हवे असा आग्रह धरला. ती टेप घरी राहिली होती. फेल्डरने घरी फोन केला, घरकाम पाहणाऱ्या बाईंनी ती शोधून फोनजवळ वाजवली आणि त्यावरून त्याने आपलेच जुने सूर पुन्हा उचलले, ही हकिकत त्यानेच सांगितलेली आहे. मला यातला आग्रह महत्त्वाचा वाटतो. १९७६ सालच्या त्या रेकॉर्डवरचा सोलो, म्हणजे वाद्याने पुढे येऊन वाजवायचा भाग, हा शेवटी जागा उरली म्हणून वाजवलेला भाग नव्हे. तो चालीइतकाच ठरलेला आहे आणि म्हणूनच जगभरचे लोक तो शब्दांसारखा पाठ म्हणतात. आधी एक गिटार, मग दुसरी, मग दोघींचे एकमेकींना उत्तर, आणि अखेरीस दोघींनी कॉर्डचे सूर सुटे करून हातात हात घालून खाली उतरणे. हे सगळे ज्या आठ कॉर्ड्सच्या फेऱ्यावर घडते, तो फेरा कडव्यांचाच आहे. शब्दांनी सांगितले की इथून सुटका नाही, आणि गिटार त्याच आठ खोल्यांतून पुन्हा पुन्हा फिरत राहते. रेकॉर्डवर तर तिला शेवटही मिळत नाही, आवाज हळूहळू मिटत जातो. भाचीने जिथे गाणे तोडले, तिथे शेवटच्या ओळीचा अर्थ कानांना प्रत्यक्ष भेटणार होता.

पण एका गाण्याचे उत्तर सगळ्या संगीताला लावता येत नाही, आणि तेव्हापासून मी सोलो ऐकताना एकच गोष्ट पाहू लागलो आहे: इथे शब्द थांबतात तेव्हा ते गिटारच्या हाती नेमके काय सोपवतात?

ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतात याचे उत्तर सर्वांत उघड्यावर आहे. बारा मात्राखंडांचे कडवे, त्यात तीन ओळी. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार खंड येतात, पण गायकाचे शब्द साधारण अर्ध्यातच संपतात. उरलेली अर्धी जागा रचनेतच मोकळी ठेवलेली असते आणि तिथे गिटार गायकाला उत्तर देते. बी. बी. किंग हा या संवादाचा थोर माणूस. आपल्याला एकाच वेळी गाता आणि वाजवता येत नाही, असे तो मोकळेपणाने सांगत असे, आणि त्याची शैली ऐकताना ती उणीव वाटतच नाही, कारण तो गातो तेव्हा गिटार ऐकत असते आणि गिटार बोलते तेव्हा तो ऐकत असतो. त्याच्या डाव्या हाताचे जवळून केलेले चित्रीकरण पाहण्यासारखे आहे. तो एका सुरावर पोचतो, पहिल्या बोटाने तार दाबतो, अंगठा गिटारच्या मानेपासून सोडवतो, आणि मग सबंध पंजा मनगटातून झपाझप हलू लागतो. पंजा त्या एका बोटावर तोललेला असतो आणि सूर आंदोलित होत राहतो. त्याचा नातेवाईक बुका व्हाइट तारेवर नळी सरकवून वाजवायचा; ते सरकणे, ते थरथरणे नळी न वापरता नुसत्या बोटाने आणण्याच्या धडपडीतून हा कंप जन्मला. त्या एका सुरात दुसरा सूर मिसळण्याची त्याला घाई नसते. त्याचा मोठा सोलो म्हणजे ओळींमधल्या त्या छोट्या उत्तरांचेच लांबलेले रूप असते, आणि म्हणून ब्लूजमध्ये सोलो कुठे सुरू झाला हे बोट ठेवून दाखवणे अवघड जाते. गाणे तिथे पहिल्यापासून दोघांचेच असते.

सूर लांबवण्याची ही तळमळ का, हे कळण्यासाठी गिटारचा मूळ स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. छेडलेली तार क्षणभर तेजाने वाजते आणि लगेच विझू लागते. गवयाकडे श्वास आहे, व्हायोलिनकडे गज आहे. साध्या गिटारकडे आस टिकवण्याचे असे काही साधन नाही. त्यामुळे जुन्या वादकांना दोनच वाटा होत्या: विझण्याआधी पुढचा सूर गाठायचा, किंवा विझणेच सुंदर करायचे. जँगो राइनहार्टने पहिली वाट घेतली. १९२८ साली लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली, तरी उरलेल्या दोन बोटांवर त्याने धावत्या, चमकत्या सुरावली उभ्या केल्या. पुढे १९३० च्या दशकात तारेचे कंपन विजेच्या साहाय्याने मोठे करणारा पिकअप आला आणि गिटारचे नशीब पालटले. आवाज वाढला, तशी आसही वाढली. त्यानंतर काही वर्षांत वादकांना कळले की ॲम्प्लिफायर मर्यादेपलीकडे ताणला तर सूर फाटतो, पण तो फाटलेला सूर अधिक काळ टिकतो. आणि स्पीकरसमोर उभे राहिले तर त्याच्याच आवाजाने तार पुन्हा थरथरू लागते आणि सूर विझायचे नाव घेत नाही. रॉकमधले ते दीर्घ, गवयाच्या आलापासारखे सूर या शोधाशिवाय शक्यच नव्हते.

विजेच्या गिटारचा पहिला मोठा लाभ मात्र जाझला झाला. मोठ्या वाद्यवृंदात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्यापुढे गिटारचा एकेकटा सूर ऐकूच येत नसे. तिने कॉर्ड्स धरायच्या आणि लय सांभाळायची, एवढेच काम होते. १९३९ साली चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनच्या संचात आला तो ॲम्प्लिफायर घेऊन, आणि त्याने गिटारवर सॅक्सोफोनसारखी लांब, वळणे घेत जाणारी वाक्ये वाजवली. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १९४२ मध्ये तो क्षयाने गेला. तोवर पुढच्या सगळ्या जाझ गिटारवादकांची भाषा त्याने घडवून ठेवली होती. जाझमध्ये सोलो हा गाण्यातला एक भाग नसतो. तिथे मूळ चाल एकदा वाजवतात, मग तिच्या कॉर्ड्सचा सांगाडा फिरत ठेवून प्रत्येक जण आपापल्या पाळीला त्यावर नवे काही रचतो आणि अखेरीस सगळे पुन्हा चालीवर येतात. शब्दांनी तिथे बैठक मांडून दिलेली असते आणि मग ते बाजूला होतात. आपल्याआधीचा वादक ज्या सुरावर थांबला तोच उचलून पुढे जाणारा वादक मला सर्वांत जास्त आवडतो, कारण तो इतका वेळ ऐकत होता हे त्यातून कळते.

याच जाझमध्ये फ्रेडी ग्रीनही होता. १९३७ पासून १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो काउंट बेसीच्या वाद्यवृंदात बसला, प्रत्येक मात्रेवर एक कॉर्ड वाजवत राहिला, आणि त्या सबंध काळात त्याने घेतलेले सोलो शोधूनच काढावे लागतात. सोलोविषयी लिहिताना त्याची आठवण यावी हे मला योग्यच वाटते. कोणाच्या तरी पायाखाली जमीन असते म्हणून दुसऱ्याला उडी घेता येते.

स्पेनच्या फ्लामेंकोतही गायक पहिला. तिथे दोन कडव्यांच्या मध्ये गिटारवादक जी लहानशी रचना वाजवतो तिला फालसेता म्हणतात. ती कितीही अवघड असो, आवर्तनातल्या, अनेकदा बारा मात्रांच्या, आघाताच्या जागा क्षणभरही सुटता कामा नयेत, आणि गायकाने श्वास घेतला की गिटारने बाजूला झाले पाहिजे. पाको द लुसिया याने पुढे जगभर स्वतंत्र वादनाने सभागृहे भरवली, पण कामारोन या गायकाच्या गाण्यामागची त्याची साथ ऐकावी. गळ्यातून फुटलेल्या ओळीनंतर तो जे दोन-चार सूर ठेवतो, त्यांत त्याची सगळी विद्या असते. ब्लूग्रास या अमेरिकेच्या ग्रामीण संगीतात रीत याहून वेगळी. कडवे गाऊन झाले की कधी बँजो, कधी फिडल, कधी गिटार एका कडव्यापुरती पुढे येते, आणि चाल ओळखू येईल इतपत सांभाळून तिला आपले दागिने घालते. तिथे सोलोने गाण्याबाहेर जायचे नसते. त्याच कडव्याचे शब्द काढून घेऊन ते पुन्हा म्हणायचे असते. ही मर्यादा मला फार देखणी वाटते.

रॉकने ही मर्यादा ओलांडली. १९५८ मध्ये चक बेरीने 'जॉनी बी. गुड'च्या सुरुवातीलाच गिटार पुढे आणली, तेव्हा तो खेळकर पुकारा होता. पुढच्या वीस वर्षांत सोलो हे रॉक गाण्याचे शिखर होऊन बसले. माझ्या मते या शिखराचे सर्वांत खोल उदाहरण म्हणजे पिंक फ्लॉइडचे १९७९ सालचे 'कम्फर्टेबली नम'. या गाण्यात दोन माणसे आहेत. कडव्यांत रॉजर वॉटर्सच्या आवाजातला डॉक्टर, ज्याला समोरच्याला कसेही करून उभे करायचे आहे. ती बी मायनरच्या काळोखात चालतात. ध्रुवपदात डेव्हिड गिल्मोरच्या आवाजातला रुग्ण, ज्याला लहानपणीच्या तापातले काहीतरी धूसर आठवते आहे. तिथे स्वर डी मेजरच्या उजेडात येतात. सोलोही दोन. पहिला ध्रुवपदाच्या उजेडात वाजतो, छोटा, सांत्वन करणारा, रुग्णाच्याच स्वभावाचा. दुसरा मात्र सगळे शब्द संपल्यावर येतो आणि तो डॉक्टरच्या कडव्यांच्या कॉर्ड्सवर उभा आहे. रुग्णाचा गळा ज्या गिटारवादकाचा, त्याचीच गिटार आता जिथे आजवर फक्त डॉक्टर बोलत होता त्या जागेत शिरते आणि तिथे आक्रोश करते. गाण्यातला माणूस शब्दांत सांगतो की मला काहीच जाणवत नाही. त्याचे सगळे जाणवणे त्या तारांवर येते. गिल्मोरने हा सोलो एका दमात वाजवलेला नाही. अनेकदा वाजवून, त्यांतली चांगली वाक्ये निवडून त्याने तो जोडला, हे कळल्यावर काही जण निराश होतात. मला त्यात निराश होण्यासारखे काही वाटत नाही, लिहिणाराही खोडतोच.

शिखरावर गर्दी झाली की मग वेगाची स्पर्धा सुरू होते. १९७८ मध्ये एडी व्हॅन हेलनचे 'इरप्शन' आले. दोन मिनिटांहूनही कमी लांबीचा हा तुकडा. उजव्या हाताची बोटेही पडद्यांवर आपटून त्याने गिटारमधून जे धबधबे काढले, त्यांचा आनंद आजही शिळा झालेला नाही. पण त्याच्यामागून आलेल्या कित्येकांनी धबधबा उचलला आणि आनंद मागे ठेवला. मेटल या रॉकच्या जड प्रकारातल्या चांगल्या सोलोत वेगाला कारण असते: खालची जड, ठोकत चाललेली लय जिवाला दाबत असते आणि वरची धाव त्या दाबातून सुटू पाहत असते. ते कारण नसेल, तर वेग म्हणजे केवळ तयारीचे प्रदर्शन उरते, आणि माझे कान अशा वेळी लवकर थकतात.

या प्रदर्शनाला पंक या रॉकच्याच मुद्दाम साध्या, रांगड्या प्रकाराने नकार दिला, तोही सोलोच्याच भाषेत. १९७७ सालच्या 'बोरडम' या गाण्यात बझकॉक्स या बँडच्या पीट शेलीने सोलोच्या जागी दोनच सूर आलटून पालटून वाजवले. ऐकणारा वाट पाहतो की आता पुढे काहीतरी होईल, आणि काहीच होत नाही. कंटाळ्याविषयीच्या गाण्यात याहून नेमके काय असू शकते? नील यंगने १९६९ मध्येच 'सिनमन गर्ल'मध्ये एकच सूर घोकत ठेवून सोलो उभा केला होता. १९९१ मध्ये निर्वाना बँडच्या कर्ट कोबेनने 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'मध्ये कडव्याची चालच गिटारवर म्हटली, जवळजवळ जशीच्या तशी, थोडी घोगरी करून. आणि २००३ साली मेटालिका या मेटल बँडने 'सेंट अँगर' हा सबंध अल्बम सोलोविना काढला. त्या काळात सोलो जुनाट मानला जाऊ लागला होता; गिटारवादक कर्क हॅमेटचे म्हणणे मात्र होते की सोलो वगळले तर त्यामुळेच हे ध्वनिमुद्रण एका विशिष्ट काळाचे होऊन बसेल. हा वाद कॅमेऱ्यात बंदिस्त झालेला आहे आणि तो पाहताना मी पूर्णपणे हॅमेटच्या बाजूने असतो. पुढच्या अल्बममध्ये सोलो परतले.

काही सोलोंविषयी माझे मन अजून ठरत नाही. जमैकाच्या रेगे संगीतातल्या बॉब मार्ली आणि वेलर्सच्या, १९७३ साली आलेल्या 'काँक्रीट जंगल'मध्ये निर्माता ख्रिस ब्लॅकवेल याने वेन पर्किन्स या अमेरिकी वादकाकडून आधीच्या ध्वनिमुद्रणावर गिटार वाजवून घेतली, ती रॉकच्या श्रोत्यांना हे संगीत जवळचे वाटावे म्हणून. रेगेचा ठेका पर्किन्सला तोवर अनोळखी होता. रेगेमध्ये गिटारचे मूळ काम उलट्या मात्रेवर तो आखूड, कोरडा आघात देण्याचे; लांब सोलो ही तिथली गरज नव्हती. आणि तरीही तो सोलो इतका हळवा आणि इतका जपून वाजवलेला आहे की तो काढून टाका असे मला म्हणवत नाही. बाहेरच्या बाजारासाठी बसवलेली गोष्टसुद्धा वाजवणाऱ्याच्या हातून खरी होऊन जाते, हे मान्य करताना मनात थोडी खळखळ राहतेच.

काँगोतल्या रुंबाने तर शिखराची कल्पनाच मोडीत काढली. तिथे गाण्याचा पहिला भाग संथ, गायकांचा. मग गाणे वळण घेते आणि सेबेन सुरू होतो, म्हणजे गिटारांचा आणि नाचणाऱ्यांचा भाग. फ्रँको लुआंबोसारखा वादक तिथे एक छोटासा नक्षीचा तुकडा घेतो आणि फिरवत राहतो. त्यात एखादा सूर बदलतो, एखादा आघात अलीकडे ओढतो, खाली दुसरी गिटार तिसऱ्याच नक्षीने त्याला विणून घेते. ऐकता ऐकता कळते की इथे कोणी एकटा बोलत नाही आणि कोणाला कुठे पोचायचेही नाही. शब्दांनी इथे गिटारच्या हाती दुःख सोपवलेले नाही की पाळीही सोपवलेली नाही; त्यांनी सगळ्यांचे पाय तिच्या हवाली केले आहेत. तो भाग तोडला, तर नाचायला आलेल्या माणसांना दारातूनच परत पाठवल्यासारखे होईल.

आपल्या रागसंगीतात गिटार आली तेव्हा 'सोलो' या कल्पनेलाच अर्थ उरला नाही, कारण तिथे सबंध मैफलच एका वाद्याची. ब्रिजभूषण काबरांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारेवर पट्टी सरकवून वाजवली. पडद्यांचे बंधन सुटले आणि मींड मोकळी झाली. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये संतूर आणि बासरी यांच्या शेजारी त्यांची गिटार ऐकताना जाणवते की बी. बी. किंग जे बोटाच्या कंपाने शोधत होता, त्याच्याच जवळपासचे काहीतरी हा माणूस दुसऱ्या वाटेने शोधतो आहे. दोघांनाही तारेने गळ्यासारखे वागायला हवे होते.

अलीकडे सोलोचे एक नवे रूप दिसते. तरुण वादक तयार साथीचा ट्रॅक लावतात आणि त्यावर मिनिटभर वाजवून ते चित्रित करतात. हात विलक्षण तयार असतात, सूर स्वच्छ असतो, तारा खेचून घेतलेली मींड अगदी नेमक्या जागी पोचते. मी ते भान हरपून पाहतो. आणि काही वेळाने एक अस्वस्थता येते, कारण या सोलोच्या आधी कोणीच काही बोललेले नसते. ऐकून घ्यायला कडवे नाही, उत्तर द्यायला ओळ नाही, पाळी देणारा शेजारी नाही, नाचणारे पायही नाहीत. माझी भाची गिटार वगळून गाणे ऐकते आणि हे तरुण गाणे वगळून गिटार वाजवतात. दोन्हीकडे वाटा अर्ध्याच मिळतो.

म्हणून हल्ली कोणताही सोलो बसवताना मी गिटार हातात घेण्याआधी गाण्याचे शब्द म्हणतो, माझ्या बेताच्या गळ्याने, सगळी कडवी, आणि ओळ जिथे संपते तिथे श्वास कुठे पडतो ते पाहतो. सध्या 'कम्फर्टेबली नम'चा दुसरा सोलो चालू आहे. त्यातली धावणारी वाक्ये सरावाने येतील अशी आशा आहे. अडले आहे ते अगदी आरंभीच्या सुरांवर, कारण ते चढे लावले तर रुग्ण एकदम ओरडतो आणि हळू लावले तर तो बोलायला लागलेलाच नसतो.